पटकी, पंढरीची वाट आणि आतड्याचे अस्तर

सोलापूर जिल्ह्याच्या गेल्या दोनशे वर्षांच्या इतिहासात पटकी या रोगाचे स्थान इतर साथींहून वेगळे आहे. पंढरपूर या जिल्ह्यात आहे, आषाढी आणि कार्तिकी एकादशीला भीमेच्या काठी लाखो वारकरी जमतात, आणि एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून पुढे सुमारे दीडशे वर्षे या मेळ्याचा विचार पटकीचा विचार केल्याशिवाय कोणाला करता आला नाही. या काळात रोगाचा दोष कधी देवीच्या कोपाला, कधी दूषित हवेला, कधी पाण्याला आणि बहुतेक वेळा यात्रेकरूंच्या गर्दीला दिला गेला. पण रोग्याचे मरणे-वाचणे प्रत्यक्षात जिथे ठरते ते ठिकाण, म्हणजे लहान आतड्याचे एकाच पेशीच्या जाडीचे अस्तर, फार उशिरा समजले. त्या अस्तरातून मीठ आणि पाणी कसे आत-बाहेर जातात हे कळले तेव्हा पटकीवरचा सर्वांत प्रभावी उपाय प्रत्येक घराच्या फडताळात आधीपासूनच होता, असे दिसून आले. वारीचा, रोगाचा आणि या ज्ञानाचा इतिहास म्हणूनच एकत्र वाचला पाहिजे.

मराठी मुलखाला हा रोग, किंवा निदान या लक्षणांचा रोग, इंग्रजी अमलाच्या कितीतरी आधीपासून माहीत होता. पटकी, महामारी आणि जरीमरी या नावांबरोबरच मोडशी हा शब्द मराठीत आणि कोकणीत जुना आहे. मोडणे या क्रियापदापासून तो आला असून अंग मोडून पडणे, गळून जाणे हा अर्थ त्यात आहे. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन केले आणि स्थानिक लोक त्याला काय म्हणतात हेही नोंदवले. पोर्तुगीजांनी मोडशीचे मॉर्देशीं केले, आणि त्या शब्दाला ऐकीव साम्याने अर्थ चिकटवून फ्रेंचांनी त्याचे मोर द शियँ, म्हणजे कुत्र्याचे मरण, असे रूप केले. मराठी शब्द अशा रीतीने युरोपच्या वैद्यकीय वाङ्मयात गेला आणि तिथे त्याचा मूळ अर्थ हरवला. सतराव्या शतकात गोव्यात आलेला शार्ल देलों हा फ्रेंच वैद्य मोडशीच्या रोग्याच्या टाचेला तापलेल्या लोखंडाने डाग देण्याचा उपचार सांगतो. पुढच्या काळातल्या अनेक उपचारांप्रमाणे तोही रोग्याला वेदना देणारा आणि रोगाच्या कारणापाशी न पोहोचणारा होता.

रोगाचे कारण हाती नव्हते तेव्हा गावाने त्याच्याशी व्यवहार केला तो मरीआईच्या रूपात. मरीआई ही पटकीची देवी. तिचे ठाणे बहुधा गावाच्या वेशीबाहेर असते, पोतराज तिचा सेवक असतो, आणि साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपार नेऊन सोडण्याची प्रथा सोलापूर भागातल्या गावांतही होती. या प्रथेकडे केवळ अंधश्रद्धा म्हणून पाहणे अपुरे ठरते, कारण तिच्यात अनुभवाने मिळालेले दोन निष्कर्ष साठलेले आहेत. एक म्हणजे हा रोग गावाबाहेरून येतो आणि गावातून गावात जातो. दुसरा म्हणजे तो ऋतूला बांधलेला आहे. मरीआईची पूजा आषाढात, म्हणजे लोकांच्या बोलीतल्या आखाडात होते. याच महिन्यात पहिल्या पावसाने गावाची घाण वाहून विहिरी, ओढे आणि नद्या यांत उतरते, आणि याच महिन्यात पंढरीची मोठी वारीही भरते.

१८१७ साली बंगालमधल्या जेसोर येथे भडकलेली पटकीची साथ त्याच वर्षाच्या अखेरीस बुंदेलखंडात गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याच्या छावणीत शिरली, आणि १८१८ मध्ये ती दख्खनमध्ये उतरली. हे वर्ष महाराष्ट्राच्या इतिहासात पेशवाईच्या अखेरचे आहे: मे १८१८ मध्ये ब्रिटिश सेनापती मन्रो याच्या फौजेने सोलापूरचा किल्ला घेतला, आणि त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात सैन्याच्या हालचाली, बाजारबुणगे, विस्थापित कुटुंबे आणि यात्रेकरू यांच्याबरोबर रोगही रस्त्यांनी हिंडत राहिला. ऑगस्टमध्ये तो मुंबईत पोहोचला. मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय मंडळाने १८१९ साली या साथीवरचे अहवाल एकत्र करून छापले. राज्य बदलण्याचा आणि पटकी पसरण्याचा काळ असा एकच असल्यामुळे नव्या सरकारच्या दृष्टीने हा रोग पहिल्यापासून लष्कराच्या सुरक्षिततेचा प्रश्न बनला, आणि जिथे लोक मोठ्या संख्येने जमतात ती ठिकाणे संशयाची झाली.

पंढरपूर असे ठिकाण होते. आळंदीहून ज्ञानेश्वरांची आणि देहूहून तुकारामांची पालखी निघते, वाटेत शेकडो दिंड्या मिळत जातात, आणि सुमारे अडीचशे किलोमीटर चालून वारकरी आषाढ शुद्ध दशमीच्या सुमारास पंढरपुरात पोहोचतात. ज्ञानेश्वरांची पालखी धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी अशा मुक्कामांनी पुढे येते. या वाटेवर पाणी हाच सर्वांत मोठा प्रश्न असे, कारण सोलापूर हा अवर्षणप्रवण जिल्हा आहे आणि पावसाळ्याच्या तोंडाला विहिरींचे पाणी तळाला गेलेले असते. पंढरपुरात आल्यावर चंद्रभागा, म्हणजे गावाजवळ चंद्रकोरीसारखी वळलेली भीमा, हेच स्नानाचे, धुण्याचे आणि पिण्याचे पाणी होते; तिच्या पात्रातल्या वाळवंटात कीर्तने होत, राहुट्या पडत, आणि त्याच वाळवंटात शौचही होई. पौर्णिमेला गोपाळकाला झाला की वारकरी आपापल्या गावी परतत, आणि काही दिवसांत मेळा शेकडो गावांत विखुरला जाई. गोपाळकाल्याबरोबर वारी संपे. रोग मात्र परतीच्या वाटांनी पुढे जात राही.

रेल्वेने या विखुरण्याला वेग दिला. पुण्याहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६० साली सोलापूरला पोहोचला, आणि बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, हे पंढरपूरला जाण्याचे जवळचे स्थानक बनले. पुढे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९०६ साली तिचा अरुंद रूळमार्ग पंढरपूरपर्यंत गेला. पायी चालणाऱ्या माणसाला पटकी झाली तर तो वाटेतच पडत असे. आगगाडीने जाणारा माणूस लक्षणे दिसण्यापूर्वीच दूरच्या जिल्ह्यात पोहोचू लागला. १८७६ ते १८७८ या दुष्काळात, ज्याची झळ सोलापूर जिल्ह्याला फार तीव्र बसली, पटकी मेळ्यांपुरतीही राहिली नाही, कारण उपाशी माणसे कामाच्या आणि पाण्याच्या शोधात एकत्र येत होती आणि उरलेसुरले पाणी सर्वांनाच वापरावे लागत होते. १८७१ साली पूर्ण झालेला सोलापूरजवळचा एकरुख तलाव हे या जिल्ह्यात साठवलेल्या पाण्याचे मोल किती आहे याचे उदाहरण आहे.

१८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेने हिंदुस्थानातील पटकीच्या प्रसाराचे सर्वांत प्रबळ कारण म्हणून तीर्थयात्रांकडे बोट दाखवले. पुढच्याच वर्षी हरिद्वारच्या कुंभमेळ्यानंतर उत्तर हिंदुस्थानात मोठी साथ उसळली, आणि यात्रा म्हणजे रोगाचे आगर ही समजूत सरकारदरबारी पक्की झाली. पंढरपूरवरची देखरेख या समजुतीतून वाढत गेली: यात्रेकरूंवर कर बसवून त्यातून स्वच्छतेचा खर्च भागवणे, रोग्यांना वेगळे ठेवणे, पाण्यात जंतुनाशक टाकणे, आणि विसाव्या शतकात यात्रेकरूंना लस टोचणे, अशी या देखरेखीची रूपे होती. यातले काही उपाय, विशेषतः पाण्याचे निर्जंतुकीकरण, निःसंशय योग्य होते. त्यामागची दृष्टी मात्र सदोष होती, कारण तीत वारकरी हा रोगाचा वाहक म्हणून दिसत होता, रोगाचा पहिला बळी म्हणून नव्हे. सगळे लक्ष रस्त्यावर आणि गर्दीवर होते. जो माणूस वाटेत कोसळला त्याच्या शरीरात नेमके काय होते आहे आणि त्याला काय दिले पाहिजे, या प्रश्नाला शासनाच्या कागदपत्रांत दुय्यम जागा होती.

त्या प्रश्नाचे अर्धे उत्तर खरे म्हणजे फार लवकर मिळाले होते. विल्यम ओशॉनेसी या तरुण आयरिश डॉक्टरने १८३१ च्या अखेरीस इंग्लंडमधल्या पटकीच्या रोग्यांचे रक्त तपासून दाखवले, की त्यातले पाणी आणि क्षार मोठ्या प्रमाणात कमी झालेले असतात आणि तेच रोग्याच्या जुलाबात सापडतात. त्याच्या निष्कर्षाच्या आधारे स्कॉटलंडमधील लीथ येथे थॉमस लॅटा याने १८३२ साली मरणोन्मुख रोग्यांच्या शिरेतून मिठाचे पाणी दिले आणि काहींना परत शुद्धीवर आणले. ओशॉनेसी १८३३ मध्ये कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानातील तारायंत्राचा जनक म्हणून प्रसिद्ध झाला. त्याचे पटकीवरचे काम मात्र मागे पडले, आणि एकोणिसाव्या शतकभर रोग्यांचे रक्त काढणे, त्यांना पाऱ्याचे क्षार आणि अफू देणे हे उपचार चालू राहिले. ज्याच्या शरीरातून पाणी निघून गेले आहे त्याचे रक्तही काढणे, यापेक्षा विपरीत उपचार कल्पिता येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स याने शिरेतून मिठाचे तीव्र द्रावण देण्याची पद्धत पुन्हा रूढ केली आणि मृत्यूंचे प्रमाण बरेच खाली आणले. पण ही पद्धत सुया, निर्जंतुक बाटल्या आणि शिकलेली माणसे यांवर अवलंबून होती, आणि वाखरीच्या माळावर मध्यरात्री कोसळलेल्या वारकऱ्याजवळ यांतले काहीच नसे.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग आतड्याच्या अस्तरात होता. शरीराच्या बाहेरील आणि आतील पृष्ठभागांवर पेशींचा जो सलग थर असतो त्याला अभिस्तर म्हणतात. त्वचा, मूत्रपिंडातील नलिका, घामाच्या ग्रंथी, फुप्फुसांतील वायुमार्ग आणि आतडे यांना हा थर असतो, आणि त्याचे काम केवळ झाकण्याचे नसून आत काय घ्यायचे व बाहेर काय सोडायचे हे ठरवण्याचे आहे. लहान आतड्याचे अभिस्तर एका पेशीच्या जाडीचे असले, तरी त्याला बोटांसारखे असंख्य उंचवटे, म्हणजे रसांकुर, आणि त्यांच्या मुळाशी खोल खाचा असल्यामुळे त्याचे क्षेत्रफळ फार मोठे होते. ढोबळ मानाने रसांकुरांवरच्या पेशी पाणी व क्षार शोषतात आणि खाचांतल्या पेशी ते पाझरतात. निरोगी माणसाच्या आतड्यात रोज सुमारे ९ लिटर द्रव उतरतो, त्यातला सुमारे २ लिटर खाण्यापिण्यातून आलेला आणि उरलेला लाळ, जठररस, पित्त, स्वादुरस आणि आतड्याचा स्वतःचा रस यांचा असतो. विष्ठेतून मात्र जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर बाहेर पडतो. देणे आणि घेणे यांचा एवढा मोठा व्यवहार शरीरात रोज बिनबोभाट चालतो, आणि त्यात थोडा जरी बिघाड झाला तरी माणूस काही तासांत कोरडा पडू शकतो.

या व्यवहाराचा मूळ नियम असा, की अभिस्तर पाण्याला स्वतः ओढत नाही. ते क्षार हलवते आणि पाणी क्षारांच्या मागे जाते. पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे पाणी आपोआप सरकते, या क्रियेला परासरण म्हणतात, आणि क्षार ज्या बाजूला साठतील ती बाजू दाट होत असल्याने पाण्याची दिशा क्षारांनी ठरते. क्षार हलवण्यासाठी मात्र शक्ती खर्च करावी लागते. हान्स उसिंग या डॅनिश शास्त्रज्ञाने बेडकाच्या कातडीचा तुकडा दोन द्रावणांच्या मध्ये ताणून बसवला आणि १९५१ मध्ये सेरान या सहकाऱ्याबरोबर दाखवून दिले, की दोन्ही बाजूंना अगदी सारखे द्रावण असले आणि विद्युतदाबातला फरकही काढून टाकला, तरी ती कातडी सोडियम एकाच दिशेने आत नेत राहते. म्हणजे हे वहन सक्रिय आहे, निव्वळ झिरपणे नाही. १९५७ मध्ये येन्स स्कू या दुसऱ्या डॅनिश शास्त्रज्ञाने खेकड्याच्या मज्जातंतूंत ते प्रथिन ओळखले, जे ऊर्जा खर्चून पेशीतले सोडियम बाहेर फेकते आणि पोटॅशियम आत घेते. या शोधासाठी त्याला १९९७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आतड्याच्या पेशीत हा पंप रक्ताकडच्या बाजूला असतो. तो पेशीतले सोडियम सतत उपसत राहिल्यामुळे पेशी आतून सोडियमला भुकेली राहते, आणि आतड्याच्या पोकळीकडच्या बाजूने सोडियम आत येण्याची ओढ त्यातून तयार होते. विहिरीतले पाणी मोट उपसत राहिली की झऱ्यांतून पुन्हा भरून येत राहते, तशीच ही योजना आहे.

पटकीचा जंतू या योजनेत नेमका कुठे हात घालतो, हे ज्यांनी शोधले त्यांत मुंबई आणि कलकत्ता या दोन शहरांचा वाटा मोठा आहे. रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कलकत्त्यात पटकीचा स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू निश्चित केला होता, पण तो मारतो कसा हे सत्तर वर्षे अस्पष्ट राहिले. जंतू आतड्याचे अस्तर सोलून काढतात आणि उघड्या जखमेतून पाणी वाहते, अशी समजूत प्रचलित होती. कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी १९५३ मध्ये सशाच्या आतड्याचा एक भाग दोन्ही टोकांना बांधून त्यात जंतू सोडले आणि तो भाग पाण्याने फुगलेला दाखवला. १९५९ मध्ये त्यांनी जंतू पूर्णपणे गाळून काढलेल्या द्रवानेही तेच घडते हे सिद्ध केले, म्हणजे दोषी पदार्थ जंतूने सोडलेले विष होते. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांनी सशाच्या पिलांवरील प्रयोगांतून पटकीतील विषाची भूमिका स्वतंत्रपणे दाखवली. पंढरपूरसारख्या यात्रांसाठी ज्या इलाख्यात लशीच्या कुप्या भरल्या जात होत्या, त्याच इलाख्याच्या राजधानीत या रोगाचे मर्म उलगडण्यास मदत झाली, ही महाराष्ट्राच्या वैज्ञानिक इतिहासातील अभिमानाची गोष्ट आहे, आणि ती जितकी माहीत असायला हवी तितकी माहीत नाही.

१९६० मध्ये बँकॉकच्या रोग्यांच्या आतड्यांतील नमुने तपासून युजीन गँगरोसा आणि सहकाऱ्यांनी आणखी एक निर्णायक गोष्ट दाखवली: पटकीत आतड्याचे अस्तर सोलले जात नाही, ते शाबूत असते. मग पाणी जाते कसे, याचे उत्तर पुढच्या दशकांत स्पष्ट झाले. पटकीचे विष पेशीच्या पृष्ठभागाला चिकटते, त्याचा एक तुकडा आत शिरतो, आणि पेशीतील एका संदेशवाहक रसायनाची निर्मिती अखंड चालू ठेवतो. हा संदेश मिळाला की पेशीच्या पोकळीकडच्या बाजूची क्लोराइडची दारे उघडतात. क्लोराइड बाहेर पडते, त्याच्या मागोमाग सोडियम जाते, आणि दोघांच्या मागे पाणी. एरवी गरजेपुरती उघडून मिटणारी ही दारे उघडीच राहिल्यामुळे तीव्र रोगात तासाला एक लिटरपर्यंत द्रव वाहून जाऊ शकतो, आणि रोगी एका दिवसात, कधी त्याहूनही लवकर, मृत्यू पावतो. त्याच वेळी मीठ शोषण्याचा एक नेहमीचा मार्गही त्याच संदेशाने बंद पडतो, म्हणूनच पटकीच्या रोग्याला नुसते मिठाचे पाणी पाजून उपयोग होत नसे.

पण एक दार उघडे राहते. अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन याने ऑगस्ट १९६० मध्ये प्राग येथे अशी कल्पना मांडली, की आतड्याची पेशी ग्लुकोज शोषते ती सोडियमबरोबर, एकाच वाहक प्रथिनावर दोघांना बसवून. पुढे हे वाहक प्रथिन ओळखले गेले आणि एका ग्लुकोजबरोबर दोन सोडियम आत जातात हेही निश्चित झाले. पटकीचे विष या वाहकाला हात लावत नाही. अस्तर शाबूत आहे, पंप चालू आहे, आणि साखरेसाठी ठेवलेले दार उघडे आहे. तेव्हा मिठाबरोबर योग्य प्रमाणात साखर दिली तर साखरेबरोबर मीठ आत जाईल आणि मिठामागे पाणी, हा निष्कर्ष त्यातून निघतो. हे अनुभवाने आधीच साधणारी माणसेही होती: हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ मध्ये कलकत्त्यात १८६ रोग्यांना मीठ आणि ग्लुकोज असलेले द्रावण तोंडाने देऊन बरे केल्याचे प्रसिद्ध केले होते, पण त्यामागची कारणमीमांसा तेव्हा उपलब्ध नसल्याने त्यांच्या कामाकडे दुर्लक्ष झाले.

१९६८ मध्ये ढाक्याच्या प्रयोगशाळेत डेव्हिड नेलिन, रिचर्ड कॅश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडावाटे दिलेल्या द्रावणाने शिरेतून द्याव्या लागणाऱ्या द्रवाची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटते हे दाखवले. त्याची खरी कसोटी १९७१ मध्ये लागली. बांगलादेश युद्धाच्या काळात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली, शिरेतून देण्याच्या बाटल्या संपल्या, आणि दिलीप महालनबीस यांनी प्रत्येक लिटर पाण्यासाठी २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणात मिश्रण तयार करवून पिंपांतून वाटले. पाजण्याचे काम रोग्यांच्या नातेवाइकांनी केले. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूंचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. ज्या नातेवाइकांना आजवर रोगाचे वाहक म्हणून दूर ठेवले जात होते तेच आता उपचार करणारे झाले, आणि पटकीच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा सामाजिक बदल मानला पाहिजे. महालनबीस २०२२ मध्ये निधन पावले आणि पुढच्या वर्षी भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

महाराष्ट्रात या द्रावणाला जलसंजीवनी हे नाव मिळाले आणि ते समर्पक आहे. त्यात प्रमाणाला अतोनात महत्त्व असते, आणि त्याचे कारणही परासरणात आहे: साखर जास्त झाली तर आतड्यातले द्रावण रक्तापेक्षा दाट होते आणि पाणी आत येण्याऐवजी बाहेर ओढले जाते, मीठ जास्त झाले तर, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत, रक्तातले सोडियम धोकादायक पातळीवर चढते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये द्रावण आणखी पातळ केले आणि एका लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट हे प्रमाण ठरवले. पाकीट नसेल तेव्हा एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, हे घरगुती प्रमाण चालते. आजारी माणसाला मीठ घातलेली तांदळाची पेज देण्याची मराठी घरांतली जुनी रीतही याच तत्त्वावर उभी आहे, कारण तांदळातला स्टार्च आतड्यात सावकाश ग्लुकोजमध्ये मोडतो आणि मिठाला आत जाण्याची वाट देतो. आजीला ठाऊक असलेली ही रीत चुकीची नव्हती. ती पटकीसारख्या रोगात जीव वाचवण्याइतकी पुरी पडू शकते, हे सांगण्यासाठी बेडकाची कातडी, सशाचे आतडे आणि खेकड्याचे मज्जातंतू यांवरचे अभ्यास लागले.

या ज्ञानाने वारीच्या व्यवस्थेतही फरक पडला. पटकीची जुनी टोचणी काही महिन्यांपुरते आणि अपुरे संरक्षण देत असे. १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय प्रवासासाठीची तिची सक्ती काढून टाकली, आणि भर लशीच्या दाखल्यावरून स्वच्छ पाणी, शौचालये आणि तत्काळ उपचार यांवर आला. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणामुळे आषाढीच्या वेळी भीमेत पाणी सोडता येऊ लागले. पंढरपुरात नदीपलीकडे ६५ एकरांवर वारकऱ्यांच्या मुक्कामाची सोय झाली, आणि पालखीमार्गावर टँकर, फिरती शौचालये व आरोग्यपथके ही आज अपेक्षित गोष्ट आहे. २०२० मध्ये कोरोनामुळे पालख्या एसटीच्या बसमधून पंढरपूरला न्याव्या लागल्या, तेव्हा मेळा आणि साथ यांचे जुने नाते पुन्हा आठवले. पण त्या वेळी वारकऱ्यांनी स्वतः पाळलेला संयम, आणि पूर्वीच्या काळातली सक्तीची देखरेख, यांतला फरकही दिसला.

पटकी गेलेली नाही. जुलै २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात, मेळघाटासह, तिने माणसे मारली, आणि कारण तेच होते, दूषित पाणी. म्हणून या इतिहासाचा निष्कर्ष दोन भागांत सांगावा लागतो. पहिला असा, की वारकऱ्याची गर्दी हे पटकीचे कारण कधीच नव्हते. कारण होते विष्ठा मिसळलेले पाणी, आणि ते स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी कर घेणाऱ्या संस्थांची होती व आजही आहे. दुसरा असा, की पाणी चुकून दूषित झालेच, तर आतड्याचे अस्तर रोगातही आपले एक दार उघडे ठेवते, आणि ते दार कसे वापरायचे हे आता प्रत्येकाला माहीत असायला हवे. वारीला निघणाऱ्याने पडशीत टाळ आणि पंचाबरोबर जलसंजीवनीची दोन पाकिटे ठेवावीत; जुलाब सुरू होताच एक अख्खे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात मिसळून घोट घोट पाजायला लागावे, आणि पाजत असतानाच रोग्याला जवळच्या आरोग्यपथकाकडे न्यावे.